लग्नाच्या डीव्हीडीत आवाज नाही, मेनू चालत नाही, तर शोधायचं कुठून

पेनड्राइव्ह देऊन झाला, मोबाईलवर हायलाइट पाठवून झाल्या, तरी आपल्याकडे गिऱ्हाईक जाता जाता म्हणतेच, "अन् भाऊ, एक सीडी बी देजा." कारण घरी प्लेअर आहे, आजीला रिमोट येतो, पेनड्राइव्ह पोट्टे गाणे भरायला घेऊन जातात आणि लग्न पुसल्या जाते. झाडीपट्टीत म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत नाटकाचं शूटिंग करणाऱ्यांचंही तेच, मंडळाला डिस्क पाहिजे असते. म्हणून डीव्हीडी बनवणं अजून सुटलं नाही, आणि चार दिवसांनी येणारा फोनही सुटला नाही, "आवाजच नाही येऊन रायला."

हा फोन आला की बहुतेकजण पहिले काय करतात, तर दुसरी डिस्क बर्न करतात. तीच फाईल, तीच सेटिंग, मग रिझल्ट पण तोच येणार ना बाप्पा. आधी बिघाड कुठे जन्मला ते पाहायचं. जागा पाचच आहेत: मूळ शूटिंगची फाईल, एन्कोडिंग म्हणजे ती फाईल डीव्हीडीच्या फॉर्मॅटमध्ये बदलणं, ऑथरिंग म्हणजे मेनू वगैरे जोडणं, बर्निंग, आणि गिऱ्हाइकाच्या घरचा प्लेअर-टीव्ही-वायर. शोधायचं उलट्या बाजूनं, म्हणजे घरापासून मागे मागे, कारण घरचं तपासायला एक फोन पुरतो आणि एन्कोडिंग परत करायला रात्र जाते.

पहिले फोनवरच विचारा

दुसरी कोणती डिस्क लावली तर आवाज येतो का? तिथेही येत नसेल तर तुमचा संबंध संपला. येत असेल तर विचारा वायर कोणती. जुन्या एव्ही वायरमध्ये पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. एकाच स्पीकरच्या टीव्हीला लोक फक्त पांढरी लावतात, लाल लोंबकळत राहते. आता तुमच्या कॅमेऱ्यात भटजीचा कॉलर माईक उजव्या चॅनलवर आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक डाव्या चॅनलवर असेल, तर त्या घरात बँड ऐकू येईल, मंगलाष्टक नाही. याला इलाज तुमच्याकडे आहे, गिऱ्हाइकाकडे नाही: एडिटिंगमध्येच दोन्ही चॅनल मिक्स करून दोन्हीकडे सारखा आवाज टाका. गावात जाणाऱ्या डिस्कवर डावं-उजवं वेगळं ठेवण्यात काही हशील नाही.

एचडीएमआय वायर असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्ये डिजिटल आउटपुट काय आहे ते पाहायला सांगा. 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' असलं की प्लेअर डॉल्बीचा आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे ढकलतो, आणि टीव्हीला तो उलगडता आला नाही तर चित्र मस्त आणि आवाज शून्य. तिथे 'पीसीएम' करायचं. तिसरी गोष्ट स्पीकर सेटअपची. प्लेअर ५.१ वर (सहा स्पीकरच्या आवाजावर) ठेवलेला आणि जोडलेले स्पीकर दोनच, मग मधल्या स्पीकरचा आवाज कुठेच निघत नाही, आणि ५.१ मध्ये माणसांचं बोलणं बहुतेक मधल्यातच असतं. त्यांना स्टिरिओ किंवा डाउनमिक्स करायला सांगा. तुम्ही स्वतः लग्नाची डिस्क ५.१ मध्ये बनवूच नका, सॉफ्टवेअर तो पर्याय दाखवते म्हणून दाबायचा असं काही नाही. साधा दोन चॅनलचा आवाज कुठेही चालतो.

मग कॉम्प्युटरवरचं फोल्डर

घरचं सगळं बरोबर निघालं तर आपल्या हार्डडिस्कवरचं व्हिडिओ-टीएस फोल्डर, म्हणजे डिस्कवर जाणाऱ्या फाईलींचं, व्हीएलसी या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये उघडा (ते फोल्डर बर्न झाल्या झाल्या डिलीट करायची सवय असेल तर सोडा, पार्टी पैसे देऊन जाईपर्यंत ठेवायचं). फोल्डरमध्येच आवाज नसेल तर बिघाड मूळ फाईलचा, एन्कोडिंगचा किंवा ऑथरिंगचा. फोल्डर बरोबर आणि डिस्क खराब तर बर्निंगचा.

पण एक ध्यानात ठेवा, व्हीएलसी फार दिलदार आहे, डीव्हीडीच्या नियमात न बसणारा आवाजही ते गपगुमान वाजवते. म्हणून 'आमच्याकडे तर चालते' याला अर्थ नाही. मिडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात त्या फोल्डरमधली व्हीओबी म्हणजे चित्र-आवाजाची फाईल टाका आणि ऑडिओचा रकाना वाचा.

काय दिसलं पाहिजे? सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८ किलोहर्ट्झ. फॉर्मॅट एसी-३ (म्हणजेच डॉल्बी), किंवा एलपीसीएम (न दाबलेला आवाज), किंवा एमपी-२. एमपी-३ आणि एएसी डीव्हीडी-व्हिडिओत चालतच नाही, आणि मोबाईलचा आवाज असतो एएसी, डाउनलोड केलेलं गाणं असतं एमपी-३, वरून ४४.१ किलोहर्ट्झ. ऑथरिंग सॉफ्टवेअर साधारण हे बदलून घेते, पण डीव्हीडी-स्टायलरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टायटलच्या (डिस्कवरच्या एका व्हिडिओच्या) प्रॉपर्टीजमध्ये ऑडिओ 'कॉपी' वर राहिला असेल तर ते न बदलता जसंच्या तसं ढकलायला पाहते. 'कॉपी' फक्त तेव्हाच, जेव्हा फाईल आधीच डीव्हीडीच्या नियमात आहे. नाहीतर एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, १९२ किंवा २२४ केबीपीएस निवडा आणि विषय संपवा. एसी-३ ची डीव्हीडीवरची मर्यादा ४४८ आहे, पण भाषणाला आणि बँडला तेवढं लागत नाही.

२००० नंतरच्या दहा वर्षांत झालेली लग्नं व्हीसीडीवर आहेत, ती एका डीव्हीडीवर जमवून द्या म्हणणारे बरेच येतात. व्हीसीडीचा आवाज ४४.१ चा एमपी-२ असतो. फॉर्मॅट चालणारा, सॅम्पलिंग न चालणारं, म्हणून फसगत होते. मिनी-डीव्ही टेपचं पण तसंच, बऱ्याच कॅमेऱ्यांत १२ बिट मोड चालू असायचा आणि त्यात आवाज ३२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड व्हायचा. दोन्ही ठिकाणी आवाज ४८ वर 'रीसॅम्पल' करायचा. नुसतं लेबल ४८ लावलं तर ४४.१ चा एक तासाचा आवाज साधारण ५५ मिनिटांत संपतो आणि सगळे वऱ्हाडी चिरक्या आवाजात बोलतात. असा चिरका आवाज ऐकू आला की दुसरीकडे शोधूच नका, कारण हेच.

मधूनच आवाज जाणं

सुरुवातीला आवाज आहे, मग हळदीच्या फोटोंचा स्लाइडशो येतो, आणि त्याच्या पुढचं सगळं मुकं. हा प्रकार गजब छळतो कारण व्हीएलसीत दिसत नाही. डीव्हीडीत टायटल्सचा एक गट असतो, टायटलसेट, आणि त्या गटातल्या सगळ्या टायटल्सचा आवाज एकाच प्रकारचा लागतो. एकाला एसी-३, दुसऱ्याला एमपी-२, तिसऱ्याला ऑडिओ ट्रॅकच नाही, असं केलं की काही प्लेअर भांबावतात. फोटोंच्या स्लाइडशोला गाणं नसेल तरी रिकामा, मुका ट्रॅक जोडून द्या, तोही त्याच फॉर्मॅटचा. टाइमलाइनवर कोणतंही गाणं टाकून व्हॉल्यूम शून्य केला आणि एक्सपोर्ट केलं तरी काम होतं. मेनूलाही तेच, मुका मेनू ठेवायचा असेल तरी त्यात मुका ट्रॅक असू द्या.

आवाज आणि चित्र दोन्ही अडखळत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते बघा. डीव्हीडीवर चित्र, आवाज, सगळं मिळून १०.०८ एमबीपीएसच्या वर जाता येत नाही, त्यात एकट्या चित्राला ९.८ ची हद्द. एलपीसीएम स्टिरिओ १६ बिट एकटाच १.५ एमबीपीएस खातो. कोणी व्हिडिओ ९ वर ठेवून वरून एलपीसीएम जोडला की हद्द ओलांडली. आणि हद्दीच्या आत असलं तरी बर्न केलेली डिस्क जुन्या प्लेअरला ८ च्या वर जड जाते, ७ च्या आसपास राहिलेलं बरं.

जागेचा हिशोब पण इथेच करून टाकू. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. तिला सेकंदांनी भागा. दोन तासांचं लग्न असेल तर सरासरी ५.२ एमबीपीएस मिळतात, छान. तीन तासांचं असेल तर ३.५ च्या जवळ. आता रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं झाडीपट्टीचं नाटक पाच तासांचं पकडलं तर हातात राहतात २.१, त्यात स्टेजवरचे लाल-हिरवे लाइट आणि अंधार, चित्राचे चौकोन चौकोन पडतात. त्याच्या दोन डिस्क करा, अंक तुटेल तिथे तोडा. एका डिस्कमध्ये कोंबायचंच असेल तर निदान आवाज एलपीसीएम ठेवू नका, तीन तासांच्या डिस्कवर तो जवळजवळ निम्मी जागा घेतो.

ओठ एकीकडे, आवाज एकीकडे

पहिले हे ठरवा की फरक किती आणि कसा. सुरुवातीचा ताशाचा ठोका बघा, शेवटी पाठवणीच्या वेळचा कोणताही ठोका किंवा टाळी बघा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाज तेवढाच मागे-पुढे सरकवला की झालं. त्याच्याही आधी दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहा, काही एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात आणि आवाज मात्र होम थिएटरमधून थेट निघतो, मग डिस्क बिचारी विनाकारण बदनाम होते.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत गेला तर सरकवून उपयोग नाही. मोबाईलच्या शूटिंगमध्ये हे जास्त होतं, कारण मोबाईल फ्रेम सारख्या वेगानं घेत नाही, उजेड कमी झाला की वेग पण कमी करतो. मिडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड' च्या पुढे 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल. नवरीच्या मामानं मोबाईलवर घेतलेलं शूटिंग तुमच्या कॅमेऱ्याच्या क्लिपांसोबत जोडायचं असेल तर आधी ते हँडब्रेक या फाईल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, तिथे फ्रेम रेट २५ आणि 'कॉन्स्टंट' निवडा, मग टाइमलाइनवर घ्या. आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. प्रोजेक्ट उघडतानाच पाल आहे ना ते बघा, एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) राहिला तर नंतर मेनूसकट सगळं परत करावं लागतं, एका डिस्कवर दोन्ही मिसळता येत नाहीत.

वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज पण तासाभरात थोडा घसरतो, दोन मशीनची घड्याळं काही एकसारखी नसतात. तिथे आवाज दर गाण्याला किंवा दर विधीला कापून वेगळा वेगळा बसवायचा. पूर्ण तास ताणत बसण्यापेक्षा हे सोपं.

मिक्सरमधून घेतलेला आवाज टीव्हीवर गायब

यावर थोडं थांबतो, कारण हेडफोनवर सगळं छान ऐकू येते आणि घरच्या टीव्हीवर गाणारा माणूसच नाहीसा होते, असं नाटकवाले आणि सप्ताहवाले दोघेही सांगतात. डीजेवाल्याच्या मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून साधी वायर थेट कॅमेऱ्याच्या स्टिरिओ माईक-खाचेत घातली की हा प्रकार होतो. बॅलन्स्ड वायरमध्ये तोच आवाज दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा. कॅमेरा त्या दोघांना डावा आणि उजवा समजून रेकॉर्ड करतो. हेडफोनमध्ये दोन कानांत वेगवेगळे गेले म्हणून ऐकू येतात, पण एका स्पीकरच्या टीव्हीत दोन्ही एकत्र आले की सरळ आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात. राहते काय, तर जवळजवळ काहीच नाही.

तपासायचं असं: ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडा, मोनो करा. आवाज पोकळ झाला किंवा गेला तर हेच. सुधारायचं असं: स्टिरिओ ट्रॅक वेगळे करा, एक चॅनल फेकून द्या, दुसरा दोन्हीकडे कॉपी करा. किंवा एका चॅनलला 'इन्व्हर्ट' मारा. पहिला मार्ग बरा, चुकायला जागा नाही. वर सांगितलेलं 'दोन्ही चॅनल मिक्स करा' हे इथे आंधळेपणानं केलं तर आवाज तुम्हीच मारून टाकाल, म्हणून मिक्स करायच्या आधी ही तपासणी.

आवाज लहान-मोठा

मेनूचं गाणं कानठळ्या बसवते आणि लग्नाचा आवाज ऐकूच येत नाही. बाजारातलं गाणं आधीच दाबून मोठं केलेलं असते, तुमचं रेकॉर्डिंग नाही. मेनूचं गाणं बरंच खाली आणा, आणि लग्नाच्या आवाजाला कॉम्प्रेसर लावून बोलणं वर आणा, सगळ्यात मोठा ठोका उणे ३ डेसिबलच्या आसपास थांबू द्या. एन्कोड केल्यावरच आवाज लहान झाला असं वाटलं तर एसी-३ च्या सेटिंगमध्ये 'डायलॉग नॉर्मलायझेशन' बघा. काही एन्कोडरांत ते उणे २७ वर असतं, म्हणजे प्लेअर आवाज ४ डेसिबल कमी करतो. उणे ३१ करा, मग तो हात लावत नाही. त्याच्याच शेजारी डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनचं 'फिल्म स्टँडर्ड' असेल तर 'नन' करा. शूटिंगच्या वेळीच बँडनं आवाज फाटला असेल तर मात्र कोणती सेटिंग कामाची नाही, तो फाटलाच, फक्त कमी करून झाकता येतो.

मेनू

मराठी नावांपासून सुरू करतो. ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट बॉक्समध्ये 'श्रीमंत पूजन' किंवा 'सप्तपदी' टाईप केलं की कधी जोडाक्षर फुटते, कधी वेलांटी भलतीकडे जाते. श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून दुसऱ्या मशीनवर नेलं आणि तिथे तो फॉन्ट नसला तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणून अक्षरं फोटोशॉप किंवा इंकस्केपमध्ये बनवा, चित्र करून मेनूच्या बॅकग्राउंडमध्ये टाका. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी तुटत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी असा पर्याय असतो, तो लावून नवीन टेक्स्ट लेयर घ्या. अक्षर जाड घ्या. बारीक फॉन्टची शिरोरेषा जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर थरथरते, कारण एक-दोन ओळींइतकी पातळ आडवी रेष इंटरलेस म्हणजे ओळीआड दाखवलेल्या चित्रात एका वेळी दिसते, एका वेळी नाही. आणि चारही बाजूंनी दहा टक्के जागा मोकळी सोडा, त्या टीव्ही कडा कापतात, नवरदेवाच्या नावाचं पहिलं अक्षर तिथेच जाते.

बॅकग्राउंडचं चित्र १६:९ साठी १०२४ बाय ५७६ आणि ४:३ साठी ७६८ बाय ५७६ मध्ये बनवा, सॉफ्टवेअर ते ७२० वर आणेल. सरळ ७२० मध्ये बनवलं तर नवरी एक तर फुगते नाही तर लांबते.

आता बटनं. बटनावर गेलं की जो रंग बदलतो, तो चित्रावर टाकलेला वेगळा थर असतो, आणि त्या थरात चारच रंग बसतात, पारदर्शक धरून. तिथे सावली, चकाकी, ग्रेडियंट लावलं की कडा खरखरीत होतात, किंवा डीव्हीडी-स्टायलर डिस्क बनवता बनवता थांबते आणि 'कॅनॉट पिक बटन मास्क्स' असं काही लिहून येते. एकच सपाट रंग ठेवा, हा एरर जातो. सगळी सजावट बॅकग्राउंडमध्ये करा, हायलाइट म्हणजे फक्त एक चौकट किंवा खालची जाड रेष.

रिमोटची बाणाची बटनं वेडीवाकडी जात असतील तर बहुतेक दोन बटनांचे चौकोन एकमेकांवर चढलेले असतात, डोळ्याला अक्षरं दूर दिसतात पण चौकोन मोठा असतो. ते सुटे करा, मग प्रत्येक बटनाच्या प्रॉपर्टीजमध्ये वर-खाली-डावं-उजवं कुठे जाते ते हातानं लावा, 'ऑटो' वर विश्वास ठेवायचा नाही. एका पानावर सहा बटनं पुष्कळ झाली.

हायलाइट अक्षराच्या वर किंवा खाली सरकलेलं दिसते, पण फक्त जुन्या चौकोनी टीव्हीवर? वाइडस्क्रीन मेनू तिथे वर-खाली काळ्या पट्ट्यांत आवळला जातो, हायलाइटचा थर मात्र वेगळा बनवलेला नसेल तर जुन्याच जागी राहतो. सोपा उपाय, मेनू ४:३ ठेवा, फिल्म १६:९ राहू द्या. मेनू आणि टायटल दोघांचा आकार वेगळा असलेला चालतो. गिऱ्हाईक खेड्यातलं असेल तर मी मेनू ४:३ च करतो, दिसायला थोडा जुनाट, पण फोन येत नाही.

गाणं संपलं की मेनू गोठतो किंवा एकदम फिल्म सुरू होते, तर मेनू संपल्यावर काय करायचं ते सांगितलेलं नाही. 'लूप' लावा. लूपच्या जागी प्लेअर क्षणभर थांबतोच, ते जात नाही, म्हणून २०-३० सेकंदांचं गाणं घ्या आणि दोन्ही टोकांना फेड द्या, म्हणजे तो झटका लपतो. फिल्म संपल्यावर काळा पडदा येत असेल तर टायटलच्या 'पोस्ट कमांड' मध्ये मेनूवर परत जा असं हवं, 'कॉल लास्ट मेनू' साधारण पुरतं.

आणि पेनड्राइव्हवर हेच व्हिडिओ-टीएस फोल्डर टाकून दिलं तर बहुतेक प्लेअर मेनू दाखवत नाहीत, व्हीओबीचे तुकडे एकामागे एक वाजवतात. तो बिघाड नाही. पेनड्राइव्हवाल्याला वेगळी एमपी-४ फाईल द्या.

बर्न

आधी आयएसओ म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाईल बनवा, ती री-रायटेबल डिस्कवर मारून खऱ्या प्लेअरवर चालवा, जमलं तर एक जुना आणि एक नवा प्लेअर स्टुडिओत ठेवा. ती डिस्क पुसून परत वापरता येते, म्हणून मेनूच्या दहा दुरुस्त्या केल्या तरी खर्च नाही. पण फार जुने प्लेअर री-रायटेबल वाचतच नाहीत, तिथे डिस्कच उघडली नाही तर घाबरून मेनू खोदत बसू नका.

इम्गबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर टाकताना 'डेटा डिस्क' म्हणून नाही तर डीव्हीडी-व्हिडिओ म्हणूनच जाऊ द्या, फाईल सिस्टीम यूडीएफ १.०२. स्पीड ४ किंवा ८, १६ नको. शेवटी व्हेरिफाय. लाईटचा भरवसा नसतो, बर्न चालू असताना गेली की ती डिस्क टेबलावर चहाचा कप ठेवायला कामी येते, म्हणून इन्व्हर्टरवर नसाल तर भर दुपारच्या लोडशेडिंगच्या तोंडावर बर्न लावू नका. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो फुगतो सुद्धा, मग डिस्क शेवटी शेवटी अडकते आणि लोक म्हणतात पाठवणीचा आवाजच नाही. मार्करनं नाव लिहा, आणि कव्हरवर एक ओळ टाका: मेनू सापडला नाही तर रिमोटवरचं 'टायटल' दाबा, ते नसेल तर 'मेनू'.